त्यातला कोणताही एक घ्या

प्लंबरने डब्यात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा एकदा डब्यात पाहिलं. "कोणतं घेऊ मॅडम?" तो म्हणाला. "यात एकही नाहीये." सकाळचे साडेनऊ वाजले होते, सिंकखालचा पाइप नुकताच गळायचा थांबला होता, आणि मी मोठ्या अगत्याने पत्र्याचा गोल डबा त्याच्यापुढे धरला होता. संकोच करू नका, यातलं कोणतंही एक घ्या, असं वर म्हणालेही होते. झाकण मीच काढलं होतं, पण आत बघायची गरज मला वाटली नव्हती. बिस्किटांचा डबा म्हटला की त्यात बिस्किटं असणार, हे मी धरूनच चालले होते. आत होते चार कण आणि एक चुरगळलेला कागद. चोर कोण हे उघड होतं. आमच्या घरात माणसं दोन, त्यातल्या एकाला गोड वर्ज्य, आणि तोच रोज सकाळी हा डबा पुसून नेमाने जागेवर ठेवतो. पण नवल म्हणजे मला नवऱ्याचा राग आला नाही की प्लंबरसमोर लाज वाटली नाही. मला एकदम माझ्या प्रबंधाचं एक्केचाळिसावं पान दिसलं. वरून सातवी ओळ. 'आता टेकलेल्या नियमांपैकी कोणताही एक घ्या.' मी डबा हातात धरून तशीच उभी राहिले आणि माझ्या तोंडून "अगं बाई" निघालं. प्लंबर बिचारा दचकून पुन्हा सिंकखाली वाकला. अजून गळतंय का, त्याने विचारलं. गळतंय, मी म्हटलं, पण तुमचं नाही, माझं.

मी तर्कशास्त्राची माणूस. म्हणजे भांडणात जिंकणारी बाई असं लोकांना वाटतं, आणि ते साफ खोटं आहे. मी भांडणात कायम हरते, कारण समोरच्याने मधली एक पायरी गाळली की मी तिथेच अडकून बसते आणि तोवर तो दार आपटून निघून गेलेला असतो. माझं काम भांडणाचं नाही. कशावरून काय निघतं, आणि 'निघतं' म्हणजे नेमकं काय होतं, हे बघत बसणं हा माझा धंदा. त्यात माझ्या नावावर एकच मोठी गोष्ट जमा आहे. तिला आमच्यात 'आधाराचं प्रमेय' म्हणतात. सोपं करून सांगायचं तर असं: नियमांचा कुठलाही नीट, एकमेकांना न खोडणारा संसार घ्या, मग त्यात नियम दहा असोत की मोजता न येण्याइतके असोत. त्यात एक तरी नियम असा असतोच, जो स्वतः कशावर टेकलेला नाही, पण ज्यावर दुसरं कोणीतरी टेकलेलं आहे. असा नियम असतोच, हे मी सिद्ध केलं. तीस वर्षांपूर्वी. त्यावर लोकांनी पुस्तकं लिहिली, अकरा उपप्रमेयं काढली, आणि प्लंबर आला त्याच दिवशी दुपारी चार वाजता आमच्या विभागात त्या प्रमेयाला तीस वर्षं झाल्याचा आणि मी निवृत्त होत असल्याचा असा दोन्ही मिळून एक समारंभ होता. सिद्धता सगळी त्या सातव्या ओळीवरून निघते. टेकलेल्यांपैकी कोणताही एक घ्या, तो कशावर टेकलाय बघा, मग ते कशावर, असं खाली खाली जा. खाली कसं जायचं यावर मी वीस पानं घासली होती. पण टेकलेला एकही नसला तर? घ्यायचा कोणता? तीस वर्षांत मी झाकण काढून आत पाहिलंच नव्हतं. आणि दुसऱ्या कोणीही पाहिलं नव्हतं.

नवरा फिरून आला तेव्हा मी जेवणाच्या टेबलाशी रिकामा डबा समोर ठेवून बसले होते. तो दारातच थबकला. तो शाळेत भूगोल शिकवायचा. नद्या, पर्वत आणि वारे सोडून त्याने आयुष्यात काही शिकवलं नाही, पण माझ्याशी संसार करून तर्कशास्त्र मात्र पक्कं उचललं, तेही निव्वळ स्वसंरक्षणासाठी. डब्याकडे बघून तो शांतपणे म्हणाला की या डब्यातलं प्रत्येक बिस्किट त्याने माझ्यासाठीच राखून ठेवलेलं आहे, आणि हे वाक्य खोटं पाडून दाखव. ते खोटं पाडता येत नाही. डबा रिकामा असला की त्यातल्या प्रत्येक बिस्किटाबद्दल काहीही बोला, ते खरंच ठरतं. हे त्याला मीच शिकवलंय. आपलेच दात आणि आपलेच ओठ. एरवी मी त्याला धुतला असता, पण मी हसत सुटले, आणि हसता हसता त्याला सातवी ओळ सांगितली. तो खुर्ची ओढून बसला. त्याचा चेहरा उतरला; माझ्यापेक्षा माझ्या प्रमेयाचा अभिमान त्यालाच जास्त. तीस वर्षांत कोणाला दिसलं नाही, तो हळूच म्हणाला, आज चार वाजता कोणाला दिसणार आहे? झाकली मूठ सव्वा लाखाची. उद्या शांतपणे कागद काढ, भोक बुज, मग एखाद्या कोपऱ्यात छापून टाक. आज सगळे तुझं कौतुक करायला येणार, आणि तू स्वतःच उठून हात दाखवून अवलक्षण करणार? त्याचं काही चुकत नव्हतं. मला निरोप गोड मिळावा एवढंच त्याच्या मनात होतं, त्यासाठी त्याने सकाळी उठून माझे कपडे इस्त्री करून ठेवले होते. मी बघते म्हटलं. बघते म्हणजे काय, ते मलाच माहीत नव्हतं.

विभाग घरापासून चाळीस मिनिटांवर. तीस वर्षं मी चालतच जाते, एकाच रस्त्याने. त्या दिवशी दोनलाच निघाले. पिशवीत भाषणाचे कागद टाकले, चष्म्याची डबी टाकली आणि का कोण जाणे, तो रिकामा डबाही टाकला. दर पावलाला झाकण हलकं वाजत होतं. मला वाटलं होतं की घराबाहेर पडल्यावर भीती गाठेल, पायाखालची जमीन वगैरे सरकेल. पण कसलं काय. आतून काहीतरी फसफसून वर येत होतं, आणि ओठ आपोआप फाकत होते. किल्ल्या करणाऱ्याच्या टपरीशी मी एकटीच हसले, तेव्हा तो कानस थांबवून बघत राहिला. चूक सापडण्यात एवढा आनंद असतो हे माझे सर कायम म्हणायचे, आणि मला तो त्यांचा एक म्हातारचळ वाटायचा, अगदी ते पन्नाशीत होते तेव्हापासून.

सरांचं आणि माझं एकच भांडण, जुनं. ते मानतात की एखादी गोष्ट 'आहे' म्हणायची असेल तर ती काढून समोर ठेवावी. नसण्याने घोटाळा होतो म्हणून ती असलीच पाहिजे, असं म्हणणं त्यांना लबाडी वाटते. माझी सिद्धता नेमकी त्या जातीची. आधारनियम असतो हे ती सांगते, कुठला ते सांगत नाही. प्रबंध वाचून सर म्हणाले होते, "घरात चोर आहे एवढं सांगतेस. चोर कुठाय? दाखव." मी म्हटलं, सर, बिस्किटं गेलीत म्हणजे चोर आहे. त्यांनी कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करून सही केली. तेव्हापासून जिथे भेटतील तिथे, जिन्यात, परिसंवादात, एकदा तर दंतवैद्याच्या बाकावर सुजलेला गाल धरून, त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: "सापडला का?" आणि माझं उत्तर ठरलेलं: नाही सर, पण आहे. आता ते एक्याण्णव वर्षांचे आहेत, आणि आज येणार होते.

पोहण्याच्या तलावाची भिंत लागली. तिथे मी नेहमी रस्ता ओलांडायला थांबते, कारण सिग्नल तिथे फार रेंगाळतो. भिंतीवर निळी पाटी आहे, तलावाचे नियम. धावू नये. काचेची बाटली आणू नये. टोपीशिवाय उतरू नये. शिट्टी वाजली की बाहेर यावे. असे नऊ. तीस वर्षं सिग्नलची वाट बघत मी ते नियम वाचलेत. मला ते पाठ आहेत. त्या दिवशी तिसऱ्या नियमाशी आले आणि माझा हात आपोआप तोंडावर गेला. यातला एकही नियम दुसऱ्यावर टेकलेला नाही. टोपीचा नियम काढा, बाटलीचा जिथल्या तिथे. बाटलीचा काढा, शिट्टीचं काही बिघडत नाही. नऊच्या नऊ आपापले सुटे उभे. नीट संसार, कोणी कोणाला खोडत नाही, आणि आधार म्हणावा असा त्यात एकही नियम नाही, कारण टेकायलाच कोणी आलेलं नाही. म्हणजे भोक नुसतं सिद्धतेत नव्हतं, प्रमेयच खोटं होतं, आणि त्याचा पुरावा पालिकेने निळ्या रंगात रंगवून माझ्या रोजच्या वाटेवर टांगून ठेवला होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच. सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. मी तिथेच.

तेव्हा मी जरा गारठले, खोटं कशाला बोलू. भोक बुजवता येतं. खोटं खरं करता येत नाही. मी भिंतीला टेकून मुलीला फोन लावला. माझी मुलगी लिफ्ट तपासते. शहरभरच्या इमारतींतल्या लिफ्टच्या दोऱ्या, ब्रेक, दारं बघते आणि सगळं धड असेल तरच सही करते. तिला मी विचारलं की एखादी लिफ्ट तीस वर्षं चालतेय, कधी कोणाला खरचटलंसुद्धा नाही, आणि तुला एका भागात तडा दिसला, तर काय करतेस? ती म्हणाली, बंद ठेवते आणि दारावर पाटी लावते. मी म्हटलं, आणि नेमका त्याच दिवशी त्या लिफ्टचा सत्कार असेल तर? पलीकडची मशीनची घरघर तिने थांबवली. मग ती म्हणाली, "आई, पाटी आधी. सत्कार जिन्याने चढून करू देत." तिने पुढे काही विचारलं नाही, काम आटोपून थेट येते एवढं म्हणाली. बापासारखी गोड बोलत नाही. ती या प्रमेयाएवढीच आहे. तीस वर्षं आणि काही आठवडे.

फोन ठेवला आणि मग ते आठवलं. सातवी ओळ मी कधी लिहिली ते. त्याआधीची सात वर्षं आमच्या घरात आम्ही दोघंच होतो. दवाखान्यांच्या बाहेरची बाकं, प्लास्टिकच्या फुलांची कुंडी, पुढच्या महिन्यात बघू म्हणणाऱ्या डॉक्टरीणबाई. घरी परतताना नवरा वाऱ्यांविषयी बोलायचा, कुठला कुठून वाहतो ते, आणि मी ऐकायची. त्या काळात मला कोणी 'त्यातला एक घ्या' म्हणालं असतं तर मी आधी झाकण काढून आत पाहिलं असतं. नसणं म्हणजे काय हे मला पाठ होतं. आणि मग ती आली. एका महिन्यात घर दुपट्यांनी, बाटल्यांनी, वाळत घातलेल्या चिमुकल्या मोज्यांनी असं भरलं की पाय ठेवायला जागा उरली नाही. एक्केचाळिसावं पान मी दुपारी लिहिलं, खिडकीपाशी, उभ्याने, कपाटाच्या वरच्या फळीवर कागद ठेवून. बसलं की ती उठायची ना. ती माझ्या डाव्या खांद्यावर झोपली होती, तोंड उघडं टाकून, आणि माझा खांदा लाळेने ओला झाला होता. उजव्या हाताने मी लिहिलं: आता टेकलेल्या नियमांपैकी कोणताही एक घ्या. टेकलेलं कोणी नसेल, असं त्या क्षणी माझ्या डोक्यात आलंच कसं असतं? मी भर रस्त्यात उभी राहून रडले, आणि ते रडणं इतकं सुखाचं होतं की एक सायकलवाला थांबून पाणी हवंय का विचारून गेला. माझी चूक आळसातून झाली नव्हती की घमेंडीतून झाली नव्हती. घर भरलेलं होतं म्हणून झाली होती. माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली दुपार त्या चुकीत जशीच्या तशी ठेवलेली होती, आणि ती मी मूठ झाकून ठेवू? छे. मी डोळे पुसले आणि हिरव्या सिग्नलची वाट न बघता रस्ता ओलांडला, जे मी कधी करत नाही.

सभागृहात चाळीस-पंचेचाळीस माणसं होती. पायऱ्या-पायऱ्यांची ती खोली, उतरती, खाली फळा. सर सगळ्यात वर, दाराजवळ, काठी गुडघ्यांत धरून. नवरा तिसऱ्या रांगेत, माझ्याकडे न बघता. मुलगी अर्ध्या कार्यक्रमात आली, हाताला ग्रीस तसंच. विभागप्रमुख पंधरा मिनिटं बोलले आणि त्यांनी प्रमेयाला तीनदा 'अढळ' म्हटलं. प्रत्येक वेळी नवरा आपल्या बुटांकडे बघायचा. माझी पाळी आली. भाषणाचे कागद मी पिशवीतच राहू दिले. फळ्यावर तलावाचे नऊ नियम लिहून काढले, पाठ होतेच, आणि म्हटलं, यात आधार शोधा. सगळे वरून खाली वाचू लागले. मी खडू ठेवला. "माझं प्रमेय खोटं आहे," मी म्हटलं. "तीस वर्षं खोटं आहे. पान एक्केचाळीस, ओळ सात. मी रिकाम्या डब्यात हात घातला आणि तुम्हा सगळ्यांना घालायला लावला."

विभागप्रमुख सावरत म्हणाले की एखादी किरकोळ अट घातली की झालं, बाईंचा विनय हो. मी म्हटलं विनय नाही आणि किरकोळही नाही. टेकलेला एक तरी असेल तिथे प्रमेय खरं आहे. नसेल तिथे खोटं. अकरा उपप्रमेयांतली नऊ त्या अटीने तरतात, दोन बुडतात. बुडालेल्या दोनांतलं एक समोर बसलेल्या माझ्या सहकाऱ्याचं होतं. ते बोटांवर काहीतरी मोजत होते. मग त्यांनी मान वर केली, आणि मला वाटलं आता संपलं. पण ते म्हणाले की गेली चार वर्षं त्यांना त्यातून एक विचित्र निष्कर्ष निघत होता आणि ते स्वतःलाच वेड्यात काढत होते. "म्हणजे मी शहाणा होतो," ते म्हणाले, आणि इतके खूश झाले की त्यांच्याशेजारचे हसू लागले. मग ते हसू रांगेरांगेने वर चढलं. मला तेवढाच धीर हवा होता. मी डबा काढला, झाकण लावून पहिल्या रांगेत दिला आणि सकाळी प्लंबरला म्हटलं तेच म्हटलं, यातलं कोणतंही एक घ्या. आणि डबा फिरत असताना मी त्यांना ती दुपार सांगितली. खांदा, लाळ, कपाटाची फळी. तर्कशास्त्राच्या सभागृहात कोणी असलं काही सांगत नाही. मुलगी छताकडे बघत होती, जणू तिथे एखादी दोरी तपासायची आहे, आणि नाक ओढत होती.

डबा हातोहात वर गेला. प्रत्येकजण झाकण काढून गंभीरपणे आत बघायचा, मान हलवायचा आणि पुढे द्यायचा. सरांनी तर चष्मा बदलून पाहिलं. मग तो दुसऱ्या बाजूने खाली आला, आणि मी घेतला तेव्हा आत काहीतरी खुळखुळलं. झाकण काढलं. आत एक बिस्किट होतं. कोपरा तुटलेलं, पण एक. मी वर पाहिलं. सरांच्या कोटाच्या खिशात पुडा असतोच, चक्कर येते म्हणून. मुलगी दिवसभर जिने चढते, तिच्या पिशवीत खाऊ असतो. आणि नवरा, त्याचं तर विचारूच नका, त्याच्या डोळ्यांत जगातली सगळी निरागसता जमा झाली होती. शिवाय आणखी चाळीस जण होतेच. कोणीतरी ठेवलं होतं, एवढं सिद्ध होतं. कोणी ते मी विचारलं नाही, आणि विचारायचं नाही असं मी तेव्हाच ठरवलं. टाळ्या वाजायला लागल्या, आणि त्या अढळ प्रमेयासाठी वाजल्या असत्या त्यापेक्षा बऱ्याच जास्त वेळ वाजल्या.

सगळे चहाकडे पांगले तेव्हा मी वर सरांकडे गेले. चहा खाली मांडला होता आणि मधल्या पायऱ्या उंच. ते काठीवर जोर देऊन उठले, पहिली पायरी उतरले, दुसरीशी डगमगले, आणि मग काठी बगलेत मारून त्यांनी माझ्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. हात हलका असेल असं मला वाटलं होतं. नव्हता. एक्याण्णव वर्षांचं सगळं वजन त्यांनी बेधडक माझ्यावर टेकवलं होतं. तीनचार पायऱ्या आम्ही अशा उतरलो. मग धाप घ्यायला ते थांबले, आणि सवयीने, माझ्याकडे न बघताच, त्यांनी विचारलं.

"सापडला का?"

"सापडला, सर," मी म्हटलं.

त्यांनी चमकून मान वळवली. तीस वर्षांत हे उत्तर त्यांनी कधी ऐकलं नव्हतं. "कुठाय?" ते म्हणाले. "दाखव."

"पायरी बघा," मी म्हटलं, आणि खांदा नीट धरून आम्ही पुढची उतरलो.